ऑस्टिओपॅथकडे पहिल्यांदाच जाणार आहे : काय विचारावे, काय सांगावे?

प्रश्न : रेडिंगवासी

नमस्कार. माझे वय ४४ आहे, काम दिवसभर संगणकापुढे बसून करायचे आहे आणि गेले ७ आठवडे कंबर दुखते आहे. गाडीच्या डिकीतून वाणसामानाची पेटी उचलताना उसण भरली. पहिले चार दिवस पलंगावरून उठताना भिंतीचा आधार घ्यावा लागत होता. नंतर दुखणे पुष्कळ कमी झाले, तरी डाव्या कुल्ल्यापर्यंत येणारी कळ काही गेलेली नाही आणि अर्ध्या तासापेक्षा जास्त बसले की ती पुन्हा जाणवते. मध्यंतरी भाचीच्या लग्नासाठी पुण्याला जाणे झाले, तेव्हा भावाने आग्रहाने एमआरआय करून घ्यायला लावला. अहवालात कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली गादी थोडी बाहेर आल्याचे लिहिले आहे. तो कागद वाचल्यापासून मला खाली वाकायचीही धास्ती वाटते.

इथे इंग्लंडमध्ये जीपींनी, म्हणजे आमच्या फॅमिली डॉक्टरांनी, तपासून हालचाल चालू ठेवण्यास सांगितले आणि फिजिओथेरपीसाठी नाव नोंदवले, परंतु तिथली तारीख मिळायला वेळ आहे. दरम्यान ऑफिसातल्या एका बाईंनी त्यांच्या ऑस्टिओपॅथचे, म्हणजे सांधे आणि स्नायूंवर हाताने उपचार करणाऱ्याचे, नाव सुचवले आणि मी पुढच्या मंगळवारची वेळ घेतलीही आहे. वेळ घेतल्यावर मात्र शंका येऊ लागल्या आहेत.

ऑस्टिओपॅथ हा डॉक्टर असतो का? न्यू जर्सीतला माझा मावसभाऊ सांगतो की त्याचे फॅमिली डॉक्टरच ‘डी. ओ.’ म्हणजे ऑस्टिओपॅथीचे आहेत आणि ते औषधे लिहून देतात. ऑफिसातल्या बाई मात्र म्हणतात की त्यांचा ऑस्टिओपॅथ औषध देतच नाही. माझी आजी मिरजेजवळच्या गावात हाडवैद्याकडे जात असे, आणि उसण भरली की पायाळू माणसाकडून पाठीला पाय लावून घेत असे. हा त्याच जातीचा उपचार समजायचा का? तपासताना कपडे काढावे लागतात का? मणक्याचा कडकड आवाज काढतात असे ऐकले आहे, तो सुरक्षित असतो का? आणि शेवटचे म्हणजे, सासूबाई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या आहेत. त्यांचे वय ७३ आहे आणि त्यांची मान सतत आखडलेली असते. त्यांनाही त्याच दिवशी सोबत न्यावे असे मनात आहे. अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १ : बर्मिंगहॅमकर

ताई, मी दोन वर्षांपूर्वी खांद्यासाठी ऑस्टिओपॅथकडे गेलो होतो, तेव्हा मलाही नेमक्या याच शंका होत्या. पहिल्या भेटीत काय झाले ते जसेच्या तसे सांगतो.

भेट एक तासाची होती आणि त्यातली पहिली वीस-पंचवीस मिनिटे त्या बाईंनी मला हातसुद्धा लावला नाही. समोर बसवून त्या फक्त विचारत होत्या. दुखणे कधी सुरू झाले, रात्री जाग येते का, सकाळी जास्त असते की संध्याकाळी, पूर्वी कुठे पडलो होतो का, कोणती ऑपरेशने झाली, कोणत्या गोळ्या चालू आहेत, वजन कमी झाले आहे का, घरात कोणाला संधिवात आहे का, काम काय करतो, झोप कशी लागते, असे प्रश्न होते. मी मनात म्हणत होतो की पैसे देऊन आलो आहे तर आता खांदा बघा. आज वाटते की त्या पंचवीस मिनिटांचेच ते पैसे होते, कारण लहानपणी झाडावरून पडून गळ्याजवळचे हाड मोडले होते हे मी स्वतः विसरून गेलो होतो आणि त्या प्रश्नांमुळेच मला ते आठवले.

त्यानंतर उभे करून, वाकवून, हात वर-मागे न्यायला लावून तपासणी झाली. मला शर्ट काढावा लागला. कमरेचे दुखणे असेल तर पाठ आणि पाय दिसावे लागतात, म्हणून बऱ्याच ठिकाणी अंतर्वस्त्रांवर तपासतात. परंतु माझ्या पत्नीने त्याच दवाखान्यात सैलसर शॉर्ट्स आणि मागून मोकळा टॉप घालून तपासून घेतले आणि कोणी हरकत घेतली नाही. वेळ घेतानाच फोनवर विचारून ठेवा. स्त्री ऑस्टिओपॅथ हवी असे सांगता येते, आणि तपासणीच्या वेळी सोबत कोणी असावे असे वाटत असेल तर तेही सांगता येते.

मी पहिल्या भेटीचे ६५ आणि पुढच्या प्रत्येक भेटीचे ५० पौंड दिले. आरोग्य विमा असेल तर आधी कंपनीला विचारा, कारण काही कंपन्या जीपीची चिठ्ठी असल्याशिवाय हा खर्च देत नाहीत. एरवी ऑस्टिओपॅथकडे जायला चिठ्ठी लागत नाही.

उत्तर २ : कणा आणि कंबर

मी स्वतः गेली ११ वर्षे इंग्लंडमध्ये ऑस्टिओपॅथ म्हणून काम करत आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. बर्मिंगहॅमकरांनी भेटीचे वर्णन अचूक केले आहे, ते पुन्हा सांगत नाही.

आपला मावसभाऊ आणि आपल्या सहकारी बाई, दोघांचेही म्हणणे खरे आहे. अँड्र्यू टेलर स्टिल या अमेरिकन वैद्याने १८७४ मध्ये हा विचार मांडला आणि १८९२ मध्ये मिसुरी राज्यातल्या कर्क्सव्हिल येथे त्याची पहिली शाळा काढली. अमेरिकेत ही शाखा पुढे मुख्य वैद्यकाच्या इतकी जवळ गेली की तिथले डी. ओ. आज सर्व अर्थांनी डॉक्टर आहेत, औषधे देतात आणि शस्त्रक्रियाही करतात. ब्रिटनमध्ये जॉन मार्टिन लिटलजॉन यांनी १९१७ मध्ये लंडनला शाळा सुरू केली, आणि इथे मात्र ही विद्या हाताने करायच्या उपचारांचीच राहिली. त्यामुळे इथला ऑस्टिओपॅथ हा डॉक्टर नसतो, तो औषधे लिहून देत नाही आणि त्याने आपण डॉक्टर असल्याचा समज रुग्णाच्या मनात निर्माण होऊ देता कामा नये.

तथापि तो कोणीही हौशी माणूसही नसतो. १९९३ च्या ऑस्टिओपॅथ कायद्यानुसार इथे जनरल ऑस्टिओपॅथिक कौन्सिल स्थापन झाली, आणि मे २००० पासून तिच्या नोंदवहीत नाव नसलेल्या व्यक्तीने स्वतःला ऑस्टिओपॅथ म्हणवणे हा गुन्हा आहे. शिक्षण साधारण चार-पाच वर्षांचे असते आणि व्यवसायाचा विमा सक्तीचा असतो. ही नोंदवही कौन्सिलच्या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य पाहता येते. मंगळवारपूर्वी पाच मिनिटे काढून ते नाव तिथे आहे का ते अवश्य बघा, आणि नसेल तर वेळ रद्द करा. भारतात किंवा अन्य देशात कोणी ही पाटी लावली असेल, तर तिच्यामागे असा कायदा उभा आहे असे गृहीत धरू नका.

आता हाडवैद्याविषयी. माझे आजोळही कोल्हापूरकडचे आहे आणि ज्या काळात मैलोन्मैल डॉक्टर नव्हता, त्या काळात त्या हातांनी किती माणसे उभी केली हे मी ऐकत आलो आहे, त्यामुळे मी त्यांना उणे लेखणार नाही. परंतु त्या परंपरेतला एक शब्द आपल्या मनात इतका रुजला आहे की तो उपचाराच्या आड येतो. तो शब्द म्हणजे ‘बसवणे’. माझ्याकडे येणारे मराठी रुग्ण हमखास म्हणतात, ‘मणका सरकलाय, तेवढा बसवून द्या.’ मणका असा सरकलेला नसतो आणि तो आवाज म्हणजे काही जागेवर बसल्याची खूण नसते. २०१५ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातील संशोधकांनी बोटाचा सांधा एमआरआय यंत्रात ओढून पाहिला, तेव्हा आवाज होतो त्या क्षणी सांध्यातल्या वंगणासारख्या द्रवात पोकळी तयार होताना दिसली. आवाज तेवढ्याचाच असतो. तो झाला म्हणजे गुण आला असे नाही, आणि न झाल्याने काही बिघडत नाही. शिवाय सांध्याला झटका देऊन असा आवाज काढण्याचे तंत्र हे आमच्या अनेक तंत्रांपैकी केवळ एक आहे. स्नायू दाबणे, सांधा सावकाश हलवणे आणि ताण देणे हीच तंत्रे बहुतेक वेळ चालतात. झटका नको असेल तर तसे सांगा, त्याचे कारण द्यावे लागत नाही.

पुण्याचा अहवाल सोबत न्या, पण तो सर्वांत आधी टेबलावर ठेवू नका. आधी आपले दुखणे आपल्या शब्दांत सांगा. चाळिशीनंतर गादी थोडी बाहेर आलेली अशी चित्रे ज्यांची कंबर कधीच दुखली नाही अशा पुष्कळ लोकांचीही निघतात. चित्रात दिसते तेच दुखण्याचे कारण असेल असे त्यामुळे म्हणता येत नाही, आणि म्हणूनच इथे साध्या कंबरदुखीसाठी सरसकट एमआरआय करत नाहीत. आपण वाकायला घाबरू लागलात हे वाचून मला खरोखर वाईट वाटले. त्या कागदाने आपले केलेले नुकसान कदाचित त्या गादीपेक्षा मोठे असेल. मंगळवारी हे अगदी याच शब्दांत सांगा.

गुण कितपत येतो, हे आता स्पष्ट लिहितो. उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या इंग्लंडच्या नाइस या संस्थेने २०१६ मध्ये कंबरदुखी आणि सायटिका (कमरेतून पायात उतरणारी कळ) यांसाठी ज्या सूचना काढल्या, त्यांत हाताने करायच्या उपचारांना जागा आहे, परंतु व्यायामाच्या जोडीनेच. नुसते टेबलावर झोपून करून घ्यायचा उपचार म्हणून नाही. म्हणून जो ऑस्टिओपॅथ घरी करायचा व्यायाम शिकवत नाही, त्याचे काम अर्धेच झाले असे मी समजतो. दमा, मासिक पाळीतल्या वेदना, लहान मुलांचे कान किंवा तान्ह्या बाळाचे पोटात दुखून रडणे यांवर ऑस्टिओपॅथीचा उपयोग होतो असे म्हणण्याइतका भक्कम पुरावा नाही. बाळाच्या डोक्यावर हलके हात ठेवून करायच्या उपचारालाही हेच लागू आहे. माझ्या व्यवसायबंधूंपैकी काहींना हे आवडणार नाही, तरी रुग्णाने पैसे खर्च करण्यापूर्वी त्याला हे माहीत असलेच पाहिजे.

तीन-चार भेटींत काहीच फरक पडला नाही तर निदानाचा फेरविचार व्हायला हवा, म्हणून पहिल्याच दिवशी दहा-बारा भेटींचे पैसे एकरकमी भरू नका. उपचारानंतर एक-दोन दिवस अंग ठणकणे, थकवा वाटणे किंवा डोके दुखणे हे सर्वसाधारणपणे होते आणि आपोआप जाते. आपल्याला काय झाले आहे असे वाटते, काय करणार आहात, त्यात धोका कोणता आणि त्याऐवजी दुसरे काय करता येईल, हे चार प्रश्न विचारल्याशिवाय टेबलावर झोपू नका. एकदा संमती दिली म्हणजे ती कायमची दिली असे होत नाही. मध्येच ‘थांबा’ म्हटले की हात त्याच क्षणी थांबले पाहिजेत.

सासूबाईंविषयी मी मुद्दामच काही लिहिले नाही, कारण आपण त्यांचे वय आणि मान यांपलीकडे काही सांगितलेले नाही. त्या कोणत्या गोळ्या घेतात?

उत्तर ३ : मिल्टन कीन्सहून

गोळ्यांचा प्रश्न निघाला म्हणून आमच्याकडे झालेली गोष्ट लिहिते. माझे वडील नागपूरहून आले होते आणि पाठ दुखते म्हणून मी त्यांना एका दवाखान्यात नेले होते. त्यांना इंग्रजी समजते पण बोलायचा संकोच वाटतो, त्यामुळे प्रश्न त्यांना विचारले जात होते आणि उत्तरे मी देत होते. औषधांविषयी विचारले तेव्हा मी रक्तदाबाची आणि साखरेची गोळी सांगितली. वडील काहीतरी म्हणू पाहत होते, पण घाईत मी त्यांना ‘बाबा, सांगितलंय मी’ असे म्हणून गप्प केले. उपचार अगदी सौम्य झाला. दुसऱ्या दिवशी आंघोळीनंतर डाव्या खांद्यामागे तळहाताएवढा काळानिळा डाग दिसला. स्टेंट घातल्यापासून ते रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या दोन गोळ्या घेत होते आणि त्यांना तेच सांगायचे होते. डाग पंधरा दिवसांत गेला, पण त्या खोलीत त्यांना गप्प केल्याचे मला अजून लागून राहिले आहे. म्हणून सासूबाईंना कधीही नेलेत तर गोळ्यांचा डबाच सोबत न्या, आणि उत्तर त्यांचे पूर्ण होऊ द्या.

उत्तर ४ : जीपी, लेस्टर

मी जीपी आहे. वरचे लेखन जबाबदारीचे आहे, त्यात दोनच गोष्टी घालतो.

पहिली गोष्ट ताईंसाठी. कंबरदुखी असताना जांघेत किंवा बैठकीच्या जागी बधिरपणा आला, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, शौचावरचा ताबा गेला, किंवा दोन्ही पायांतली शक्ती कमी होऊ लागली, तर ऑस्टिओपॅथ, फिजिओ किंवा माझ्याकडेही न येता थेट आपत्कालीन विभागात जावे. मणक्याच्या तळाशी असलेल्या नसांच्या जुडग्यावर दाब आल्याची ती लक्षणे असतात आणि तिथे तासांना किंमत असते. कंबरदुखीसोबत ताप, कारणाशिवाय घटणारे वजन, पूर्वी झालेला कर्करोग किंवा मोठी पडझड असेल, तर आधी वैद्यकीय तपासणी व्हायला हवी. चांगला ऑस्टिओपॅथ हे सर्व विचारतो आणि शंका आली तर उपचार न करता रुग्णाला आमच्याकडे पाठवतो. त्याने असे पाठवले तर वेळ फुकट गेली असे मानू नये.

दुसरी गोष्ट सासूबाईंची. ७३ वर्षांच्या स्त्रीच्या मानेला झटका देऊन उपचार करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. या वयात हाडे ठिसूळ झालेली असण्याची शक्यता मोठी असते आणि पुष्कळदा हाड मोडेपर्यंत ते कळत नाही. मानेच्या झटक्यानंतर मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा होऊन पक्षाघात झाल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत. ती अत्यंत दुर्मिळ आहेत आणि त्यांतल्या कार्यकारणभावावर वादही आहे, परंतु ज्या उपचाराला सौम्य पर्याय उपलब्ध आहे तिथे तो धोका का पत्करावा? कोणत्याही वयाच्या माणसाला मानेच्या उपचारानंतर एकाएकी भोवळ, दोन-दोन दिसणे, जीभ जड होणे, चेहरा वाकडा होणे किंवा चालताना तोल जाणे असे काही झाले, तर तत्काळ ९९९ या इथल्या आपत्कालीन क्रमांकाला फोन करावा. हाडे ठिसूळ असणे, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, रक्त न गोठण्याचा आजार, सुजेचा संधिवात किंवा हाडाचा कर्करोग असेल तर ऑस्टिओपॅथी बहुधा टाळावीच लागते, निदान डॉक्टरांशी बोलल्याशिवाय सुरू करू नये.

रेडिंगवासी (पुन्हा)

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल जाऊन आले, म्हणून लगेच लिहिते.

आधी सासूबाईंचे. उत्तरे वाचून मी त्यांचा औषधांचा डबा घेऊन बसले. सकाळी जेवणानंतर घ्यायची जी गोळी त्या आम्हाला नेहमी ‘हृदयाची’ म्हणून सांगत आल्या आहेत, ती हृदयाचे ठोके अनियमित असल्यामुळे दिलेली रक्त पातळ करणारी गोळी निघाली. घरात इतके दिवस ती गोळी मीच आणून देत होते. त्यांची वेळ घेतली नाही. आधी डॉक्टरांना दाखवून हाडांची घनता तपासायची, असे ठरले आहे. मानेसाठी सध्या गरम पाण्याची पिशवी आणि त्यांना जमेल तितकी हालचाल चालू आहे.

माझी भेट पन्नास मिनिटांची झाली. नाव नोंदवहीत होते, ते आदल्या रात्री पाहून ठेवले होते. मी शॉर्ट्स नेल्या होत्या आणि त्या बाईंनी मी बदलत असताना पडदा ओढून बाहेर थांबण्याचे सौजन्य दाखवले. अहवाल पिशवीतच ठेवून मी आधी भीतीविषयी बोलले. त्यांनी ऐकून घेतले आणि मला उभे करून विचारले, ‘खाली पडलेली पेन्सिल उचलाल?’ मी गुडघे वाकवून, पाठ ताठ ठेवून उचलली. मग त्यांनी पेन्सिल पुन्हा टाकली आणि पाठीतून वाकून उचलायला सांगितले. दोन मिनिटे मला ते जमेना. नंतर जमले आणि कळ आली नाही. अहवाल त्यांनी त्यानंतर पाहिला. झटका नको असे मी सांगितल्यावर त्यांनी ते कागदावर लिहून घेतले आणि कुशीवर झोपवून कमरेच्या आणि कुल्ल्याच्या स्नायूंवर हाताने काम केले. रात्री डावी बाजू चांगलीच ठणकली, आज सकाळी निम्म्याहून कमी आहे.

घरी करायला दोन व्यायाम दिले आहेत आणि ऑफिसात दर पंचवीस मिनिटांनी उठायचे आहे. जीपींना पत्र पाठवू का असे विचारून माझी संमती घेतली. पुढची भेट दहा दिवसांनी आहे, तोवर फिजिओची तारीख आली तर तीही सोडायची नाही, असे त्यांनीच सांगितले. आज बुटाची नाडी मी पाय स्टुलावर न ठेवता, खाली वाकून बांधली.